उजवा खुबा

डॉक्टरांनी प्रश्न मुक्ताईला विचारला होता. उत्तर तिच्या नवऱ्यानं, आमोदनं दिलं. "पुढे मूल होऊ देण्याचा काही विचार आहे?" चष्मा कपाळावर सरकवून डॉक्टरांनी तिच्याकडे बघत विचारलं, आणि तिनं तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आमोद म्हणाला, "नाही." स्वर अगदी रोजचा होता. भाजीवाल्यानं मिरच्या टाकू का विचारल्यावर तो जसं नाही म्हणतो, तसा. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या सांध्याकडे वळले. मुक्ताईला नंतर आठवत राहिलं, की त्या क्षणी तिला राग आला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. फक्त बसल्या जागी, बसमधून उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं झालं. पाय खाली गेला आणि जमीन जिथं लागायला हवी तिथं लागली नाही.

डॉक्टर समजावून सांगत होते आणि ते फार चांगलं सांगत होते. तिच्या उजव्या खुब्यातलं हाड रक्त न मिळाल्यानं मेलं होतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो, त्याचा वरचा थोडा भाग. नेहमीचा उपाय म्हणजे अख्खा गोळाच कापून काढायचा, मांडीच्या हाडात आत दांडा ठोकायचा आणि त्यावर सिरॅमिकचा नवा गोळा बसवायचा. तो टिकतो, पण तिचं वय सदतीस, म्हणजे म्हातारपणी तो बदलावा लागणार, आणि जमिनीवर उकिडवं बसणं, धावणं यांवर बंधनं येणार. दुसरा उपाय आपलं हाड राखण्याचा. मेलेला भाग खरवडायचा, गोळा तासून घ्यायचा आणि त्यावर धातूची टोपी बसवायची, दाताला कॅप बसवतात तशी. समोरच्या खोबणीत धातूचीच वाटी. बायकांची हाडं लहान असतात म्हणून ते सहसा कुणा बाईला हा उपाय सुचवत नाहीत, पण तिचं हाड खेळाडूचं, चांगलं मोठं होतं. अडचण एकच. धातूवर धातू घासतो, त्याचे बारीक कण रक्तात उतरतात, आणि आईच्या रक्तातून ते बाळाकडे जाऊ शकतात. म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला ते ही टोपी बसवत नाहीत. "तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाहीच म्हणताय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी प्लॅस्टिकचा गोळा वाटीत फिरवून दाखवला. टक् असा आवाज झाला.

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना आमोदनं नेहमीसारखा तिच्या डाव्या हाताखाली हात दिला. स्कूटरवर ती हल्ली एका बाजूला पाय सोडून बसत असे, कारण उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकता येत नव्हता. हाच पाय एके काळी खो-खोच्या खांबापाशी असा वळायचा, की मागून येणारीला कळायचंच नाही ही डावीकडे गेली की उजवीकडे. वाटेत सिग्नलला आमोदनं मान किंचित मागे वळवून विचारलं, की इतका वेळ बसून दुखायला लागलं का. ती नाही म्हणाली. म्हणताना तिला आपलाच आवाज ऐकू आला आणि वाटलं, किती सोपं असतं हे म्हणणं. पण त्याच्या पाठीकडे बघत ती सगळा रस्ता एकच गोष्ट चाचपडत होती. गेल्या चार वर्षांत तिनं जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तेव्हा आमोद "बघू" म्हणाला होता. दिवाळीत म्हणाला होता, तिच्या वाढदिवसाला म्हणाला होता, एकदा समुद्रावर वाळूत बसले असताना म्हणाला होता. त्या "बघू"च्या आत हे एवढं घट्ट, तयार उत्तर कधीपासून बसलेलं होतं? आणि आपल्याला तरी हवंय का? हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची ती जागा आपली स्वतःची आहे असं ती समजत होती. खोलीचं दार लोटलेलं असावं आणि कडी कुणीच लावलेली नसावी, तसं काहीतरी.

मुक्ताई धाराशिवकडची. तिचे वडील उत्तरेश्वर यांनी शाळेच्या मैदानात खो-खोचे खांब स्वतः पुरले होते आणि मुलीला फ्रॉकवरच पाटीत बसवलं होतं. पाटी म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेवरचा तो लहानसा चौकोन. त्यात टाचा उचलून, बोटांवर भार घेऊन उकिडवं बसायचं आणि पाठीवर हात पडून "खो" ऐकू आलं की उठून सुटायचं. ऐकण्याच्या आधीच अंग उठायचं. पुढं ती शिक्षण घ्यायला पुण्याला आली, राज्याकडून खेळली, कर्वेनगरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. एका स्पर्धेत वेळ नोंदवणारा माणूस आयत्या वेळी आला नाही म्हणून बँकेच्या संघातल्या कुणाचा तरी मित्र घड्याळ घेऊन टेबलाशी बसला होता, तो आमोद. त्याला खेळ कळत नव्हता, पण घड्याळ त्यानं फार काळजीनं धरलं होतं. नारायण पेठेतल्या त्याच्या आईनं, आनंदीबाईंनी, पहिल्या भेटीत विचारलं होतं, "खो-खो खेळतेस म्हणजे उरलेल्या दिवसात काय करतेस?" आणि लग्नाला होकार देताना म्हणाल्या होत्या, की निदान ही मुलगी जिने चढताना दम लागला म्हणणार नाही.

दम लागला तो दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात. तिला पाचवा महिना होता. आदल्याच आठवड्यात पोटात आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं पहिल्यांदा झालं होतं आणि तिनं आमोदचा हात ओढून पोटावर ठेवला होता, तर ते थांबलं होतं. मग ताप, मग रुग्णालय, मग तोंडावर तो मास्क. त्या दिवसांचं तिच्याकडे सलग असं काही उरलेलं नव्हतं. डाव्या कुशीवर झोपा म्हणणारा आवाज. अंगभर पांढरा प्लॅस्टिकचा पोशाख घातलेली एक परिचारिका, जिचा चेहरा तिनं कधीच पाहिला नाही, पण जिनं दुहेरी हातमोज्यांतून तिची बोटं दाबली होती. एका पहाटे कळा आल्या आणि त्यांना काही अर्थ नव्हता, कारण आतलं सगळं आधीच शांत झालेलं होतं. कुणीतरी काहीतरी उचलून नेलं. तिनं मान वळवली, पण मास्कच्या नळीच्या पलीकडे तिला फक्त हिरवा पडदा दिसला. नंतर ती वाचली. स्टेरॉइडनं वाचवलं असं सगळे म्हणाले, ते खरंच होतं. त्याच स्टेरॉइडनं पुढे खुब्याचं रक्त आटवलं, हेही खरं. जांघेतलं दुखणं सुरू झालं तेव्हा तिला वाटलं स्नायू आखडला असेल. खेळाडू माणसाला जांघेत दुखण्याचं काय कौतुक. ती शेकत राहिली, लेप लावत राहिली, आणि आत हाड खचत राहिलं.

ते जे उचलून नेलं त्याचं काय झालं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. रुग्णालयं अशा वेळी जे काय करत असतील ते त्यांनी केलं असेल, असं तिनं धरून टाकलं होतं. घरी परतली तेव्हा ती इतकी अशक्त होती की न्हाणीघरापर्यंत जाण्यातच दिवस संपायचा. आमोदनं तिला चमच्यानं पेज भरवली, केस विंचरले, गुंता सोडवताना एकदाही ओढ बसू दिली नाही. अशा माणसाला काय विचारायचं? पुढे दोघंही आपापल्या कामाला लागली आणि विचारायची वेळ गेली असं वाटलं.

वडिलांना फोनवर तिनं टोपीचं सांगितलं. उत्तरेश्वरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर पाटीत बसाय येईल का, तेवढं इचारलं का त्याला?" येईल म्हणाले, वर्षभरानं धावायलाही हरकत नाही म्हणाले, असं ती बोलली. मुलाचं ती बोलली नाही. शाळेत मैदानाच्या कडेला आता तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असे. तिथून ती मुलींना ओरडून सांगायची, टाच उचल, मान वळवू नकोस. खेळ कुठे चुकतोय ते तिला दिसायचं, पण जाऊन बसून दाखवता येत नव्हतं. सांगून कळण्यातली ती गोष्ट नव्हे. त्या आठवड्यात मात्र तिचं लक्ष मुलींच्या पायांकडे नव्हतं. एक मुलगी पडून गुडघा खरचटून आली, तिच्या जखमेवर औषध लावताना मुक्ताईला वाटलं, आपली असती तर आता बालवाडीत गेली असती. गेली असती की गेला असता? आपण गेली असती असं का म्हटलं? तिनं औषधाची बाटली बंद केली, पण झाकण तिरकं बसलं आणि ते तसंच घट्ट झालं.

शनिवारी आनंदीबाई आल्या. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस इथं राहायला लागेल म्हणून आपली औषधं आणि दोन साड्या आधीच आणून ठेवायला. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, डबे वर ठेवलेत ते खाली घ्यायला हवेत म्हणाल्या, आणि चहा घेताना सहज बोलावं तसं बोलल्या, की आमोदला आता रुग्णालय नकोसं होतं, त्याचा चेहरा उतरलाय, त्याच्याकडे लक्ष दे. मुक्ताई म्हणाली, त्याचं काय, माझं हाड कापायचं आहे. आनंदीबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की तेव्हा, त्या उन्हाळ्यात, एका सकाळी आमोद नारायण पेठेच्या घरी आला होता. जवळ येऊ नकोस, माझ्या अंगावर आजार असेल, असं तोच दारातून म्हणाला. आणि बादलीभर पाणी मागितलं. त्यांनी दाराबाहेर बादली ठेवली. त्यानं जिन्यातच पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली, आणि निघून गेला.

"कुठून आला होता?" मुक्ताईनं विचारलं.

"पायांवर पाणी कुठून आल्यावर घेतात ते मला ठाऊक आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "पुढचं मी विचारलं नाही. तू विचार. तुझा हक्क आहे."

त्या गेल्यावर मुक्ताई ओट्याला टेकून उभी राहिली. खुब्यात कळ आली, नेहमीसारखी जांघेतून गुडघ्यापर्यंत उतरली, आणि तिला वाटलं, हीच एवढी आपल्या ओळखीची उरलीय या घरात. चार वर्षं शेजारी झोपणारा माणूस एक सकाळ मुठीत धरून झोपत होता. त्यानं ती आपल्यापासून लपवली, की आपण कधी मूठ उघड म्हटलंच नाही? तिला त्याचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ भीतीही वाटली, कारण आता विचारावं लागणार होतं.

रविवारी दुपारी आमोद इस्त्री करत बसला होता. आठवड्याचे शर्ट तो स्वतः करायचा, तिचे पंजाबी कुडतेही. ती पलंगावर उशी पायाखाली घेऊन पडली होती. तिनं छताकडे बघतच विचारलं, त्या सकाळी तू आईकडे पाणी मागितलंस, तू कुठून आला होतास. इस्त्री एका बाहीवर थांबली. मग त्यानं ती उभी करून ठेवली, प्लगचं बटण बंद केलं, आणि शर्टकडे बघतच बोलायला लागला. इतकं सलग बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. रुग्णालयातल्या माणसानं त्याला खाली बोलावून विचारलं होतं, की तुम्ही नेणार की आम्हीच बघू. तो मी नेतो म्हणाला. का म्हणाला ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. त्यांनी हिरव्या कापडात गुंडाळून दिलं. त्याच्याकडे पाठीवरची सॅक होती, तिच्यात तिचे धुवायचे कपडे होते. ते त्यानं स्कूटरच्या डिकीत टाकले आणि सॅक पाठीला न लावता पुढे, छातीशी अडकवली. रस्ते मोकळे होते. पुलावर नाकाबंदी होती. हवालदारानं पास मागितला, तो त्याच्याकडे होता. मग हवालदारानं बॅगेत काय आहे ते विचारलं.

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज वाजत राहिला आणि थांबला.

"मी म्हटलं, माझी मुलगी आहे."

मुक्ताई उठून बसली. खुबा दुखला असणार, पण तिला तो जाणवला नाही. हवालदारानं पुढे काही विचारलं नाही, आमोद सांगत होता, त्यानं लोखंडी अडथळा ओढून बाजूला केला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. नदीकाठच्या एका स्मशानभूमीत मागच्या बाजूला लहान मुलांसाठी जागा होती. पुढच्या बाजूला त्या दिवसांत काय चाललं होतं ते त्यानं सांगितलं नाही. तिथल्या माणसाला वेळ नव्हता, त्यानं फावडं दिलं. आमोदनं आयुष्यात कधी खणलं नव्हतं. जमीन उन्हानं दगडासारखी झाली होती.

"तू पाहिलंस तिला?"

"हो."

कशी होती, असं तिला विचारायचं होतं. तिच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते त्या दिवसापुरतं ठेवून दिलं. तो एवढंच म्हणाला, की रुग्णालयात परत आलो तेव्हा तू जगशील की नाही हे कुणी सांगत नव्हतं, आणि मी तिथल्या पायऱ्यांवर बसून ठरवलं, की ही जगली तर मी हिला पुन्हा कधी या दारातून आत पाठवणार नाही. ठरवलं ते तुला सांगायचं राहिलं. ती म्हणाली, सांगायचं राहिलं नाही आमोद, तू सांगितलं नाहीस. तो हो म्हणाला. मग ती रडली, आणि तो तिच्या पायाशी पलंगाच्या कडेला बसून राहिला. तिला हात लावावा की लावू नये हे न कळल्यासारखा, अर्धा इस्त्री केलेला शर्ट मांडीवर घेऊन.

पुढच्या आठवड्यात ती एकटी रिक्षानं डॉक्टरांकडे गेली. ती म्हणाली, तुम्ही मागच्या वेळी एक प्रश्न मला विचारला होता, तो पुन्हा विचारा. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी विचारलं आणि हेही सांगितलं, की घाई नाही, सिरॅमिकचा गोळाही वाईट नाही, त्या वाटेनं गेलात तर ते दार उघडं राहतं. मुक्ताईनं पुन्हा एकदा तो हिरवा पडदा पाहिला आणि पडद्याच्या बाहेर सॅक छातीशी धरून उभा असलेला माणूस पाहिला. मग तिनं मैदान पाहिलं, आणि पाटीत बसलेली ती स्वतः. ज्या मुलीसाठी आपण रडतोय ती येऊन गेली, दुसरी आली तरी ती ही नसेल, असंही तिला वाटलं. यातलं कुठलं कारण पुढचं आणि कुठलं मागचं हे तिला ठरवता येईना. सगळीच खरी होती. "टोपी बसवा," ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिला मोकळं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. रस्त्यावर क्लास सुटलेल्या मुलामुलींची गर्दी होती आणि त्यांच्या स्कूटरांमधून वाट काढत ती सावकाश, पाय ओढत चालली.

शस्त्रक्रियेच्या वेळी तिला कमरेतून भूल दिली होती. गुंगीचं औषधही होतं, पण मधेच तिला जाग आली. छातीवर उभा पडदा होता आणि पलीकडे ठोकत होते. दुखत नव्हतं. फक्त प्रत्येक ठोका हाडातून चढत जबड्यापर्यंत येत होता आणि सगळं अंग टेबलावर थोडं थोडं सरकत होतं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरलं. उशाशी उभ्या असलेल्या नंदा नावाच्या परिचारिकेनं वाकून विचारलं, की दुखतंय का. मुक्ताईनं नकारार्थी मान हलवली. नंदाचा मास्क हनुवटीखाली उतरलेला होता. तिचा चेहरा गोल होता, हनुवटीवर तीळ होता. मुक्ताई तो चेहरा बघत राहिली आणि तिला पुन्हा गुंगी आली.

दुखणं गेलं. जखमेचं होतं, ते वेगळं. आतलं, ते जुनं, गेलं. पहिल्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली तेव्हा ती त्याची वाट बघत होती आणि ते आलं नाही. आनंदीबाईंनी तीन आठवडे राहून सगळे डबे खाली घेतले, ते परत कधी वर गेले नाहीत. वाकायचं नव्हतं म्हणून रोज सकाळी आमोद खाली बसून तिच्या पायात मोजे घालायचा. एका सकाळी, मोजा टाचेवरून वर ओढताना, तिनं न विचारताच तो म्हणाला, "बोटं लांब होती. तुझ्यासारखी." आणि दुसरा मोजा उचलला.

हातात काठी आली तेव्हा तीच म्हणाली, की मला तिथं घेऊन चल. माघ संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. रिक्षा फाटकाशी थांबवून ते मागच्या बाजूला गेले. आमोद पुढे, भराभर, जणू ओळखीच्या घरी चालला होता. कोपऱ्यावर वळला आणि थांबला. तिथं नवी विटांची भिंत होती. जमीन सपाट करून तिच्यावर लाल मुरूम पसरलेला होता. एक बाभूळ होती, तो म्हणाला, बाभळीच्या अलीकडे, जुन्या भिंतीपासून थोडं आत. झाडणाऱ्या माणसानं सांगितलं, की बाभळी होत्या चार-पाच, काढल्या, भिंतही पुढे घेतली. आमोद मुरुमावरून इकडून तिकडे चालला. एका ठिकाणी उभा राहून नदीकडे बघितलं, मान हलवली, दुसरीकडे गेला, पुन्हा पहिल्या जागी आला. मुक्ताई काठी टेकून बघत होती. इतके दिवस तिला वाटत होतं, त्याच्यापाशी एक जागा आहे आणि ती त्यानं एकट्यानं ठेवून घेतलीय. तो परत आला तेव्हा त्याच्या पँटवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ होती.

"मला वाटलं होतं, लक्षात राहील," तो म्हणाला.

तिनं त्याचा दंड धरला. मग ती म्हणाली, की माझे बूट काढ. कशाला, असं त्यानं विचारलं नाही. आता पायाखाली कुठेही ती असू शकत होती. तो तिथंच, त्या उघड्या जागेत, तिच्या पायाशी खाली बसला आणि नाडी सोडू लागला.